जपानमधला व्यावसायिक गो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळ खेळणाऱ्या मित्रांना गो शिकवायला बसलं की नियम दहा मिनिटांत संपतात. त्यानंतरचा तास-दीड तास वेगळ्याच प्रश्नांत जातो. त्यांचं रेटिंग किती असतं? विश्वविजेता कोण? नऊ दान (दान म्हणजे खेळाडूची श्रेणी) म्हणजे ग्रँडमास्टर का? हरलेल्यालाही पैसे मिळतात म्हणजे काय? तीच तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो आहे.

गो ठाऊकच नसेल तर?

१९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा पट, त्यावरचे ३६१ छेदबिंदू, एकाकडे काळे खडे आणि दुसऱ्याकडे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा. ठेवलेला खडा हलत नाही, चहूबाजूंनी घेरला गेला तरच उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. काळा पहिली चाल करतो, म्हणून जपानमध्ये पांढऱ्याला साडेसहा गुणांची भरपाई देतात. तिला कोमी म्हणतात. खेळ मूळचा चीनचा. त्यावर जगणाऱ्या माणसांची व्यवस्थित घडी मात्र सर्वात आधी जपानने बसवली, आणि पुढचं सगळं त्या घडीबद्दल आहे.

व्यावसायिक म्हणजे जो उत्तम खेळतो तो, की जो खेळून पैसे कमावतो तो?

दोन्ही नाही. जपानमध्ये व्यावसायिक म्हणजे ज्याला संस्थेने सनद दिली आहे तो. वकिलीसारखं समजा. कायद्याचं ज्ञान कितीही असलं तरी सनदेशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. अशा सनदधारकाला किशी म्हणतात. देशातली हौशी अजिंक्यपदं लागोपाठ जिंकणारा माणूस एखाद्या किशीला हरवूही शकतो, पण तेवढ्याने तो किशी होत नाही.

बुद्धिबळात असं कुंपण नाही. ग्रँडमास्टर हा किताब आहे, नोकरी नव्हे आणि सदस्यत्वही नव्हे. तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंग हा नेहमीचा रस्ता, शिवाय आडवाटाही आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली. तोवर तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. किताब मिळाल्यावर फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, तिला महिन्याला काही देत नाही, ती कुठे खेळणार हेही ठरवत नाही. जपानी किशीचं उलटं. सनद मिळाली की देशातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांत त्याची जागा ठरलेली असते आणि त्या प्रत्येक डावाचं मानधन त्याला मिळतं, हरला तरी.

गंमत म्हणजे या दोन्ही व्यवस्था जवळजवळ एकाच आठवड्यात जन्मल्या. निहोन किइन ही जपानची मुख्य गो संस्था १७ जुलै १९२४ रोजी स्थापन झाली आणि फिडे २० जुलै १९२४ रोजी पॅरिसला. तीन दिवसांचं अंतर. पण फिडे हा राष्ट्रीय संघटनांचा महासंघ होता, तर निहोन किइन म्हणजे फुटलेल्या घराण्यांना एका छपराखाली आणण्याची खटपट.

घराणी? गोमध्ये?

हो, आणि आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी ही चार घराणी. तोकुगावा राजवटीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना तनखा बांधून दिला. घराण्याचा प्रमुख शिष्य घडवायचा आणि त्यांतल्या सर्वात तयार शिष्याला वारस नेमायचा. पोटचा मुलगा कच्चा असेल तर शिष्याला दत्तक घ्यायचं. संगीताच्या घराण्यात गंडा बांधण्याला जे वजन होतं तेच इथे गुरूकडून मिळणाऱ्या दानच्या दाखल्याला होतं. फरक इतकाच की दोन गवयांमध्ये थोर कोण यावर शंभर वर्षं वाद घालता येतो. गोमध्ये खडे मोजले की निकाल लागतो. वर्षातून एकदा, अकराव्या महिन्याच्या सतरा तारखेला, शोगुनच्या किल्ल्यात चार घराण्यांचे खेळाडू समोरासमोर बसत. सर्वश्रेष्ठ खेळाडूला मेइजिन हे पद मिळे. एका वेळी एकच मेइजिन, आणि योग्य माणूस नसेल तर पद रिकामं.

१८६८ मध्ये शोगुनशाही गेली, तनखे बंद झाले आणि खेळाडू उघड्यावर पडले. आपल्याकडे संस्थानं खालसा झाल्यावर दरबारी गवयांचं आणि पैलवानांचं जे झालं तेच. १८७९ मध्ये मुरासे शुहोने होएन्शा नावाची संस्था काढली, मग दोन पिढ्या घराणं विरुद्ध संस्था अशी रस्सीखेच चालली. सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात तोक्यो बेचिराख झालं, सगळ्यांचेच हात रिकामे झाले आणि एकत्र येण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ओकुरा किशिचिरो या उद्योगपती सरदाराने पैसा ओतला आणि पुढच्या वर्षी निहोन किइन उभी राहिली.

शेवटचा वंशपरंपरागत होनिन्बो म्हणजे शुसाई. त्याने नाव कुणा वारसाला दिलं नाही, ते संस्थेच्या स्वाधीन केलं, आणि घराण्याची गादी हा स्पर्धा जिंकून मिळवायचा किताब झाला. पहिली होनिन्बो स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली, १९४१ मध्ये सेकियामा रिइचीने ती जिंकली. शुसाई निकाल पाहायला नव्हता, १९४० च्या जानेवारीत तो वारला. आजही हा किताब जिंकणारा स्वतःच्या नावाला होनिन्बो लावतो.

नऊ दान म्हणजे नक्की काय? रेटिंगसारखं वरखाली होतं का?

वर जातं, खाली येत नाही. किशी एक दानपासून सुरुवात करतो आणि नऊवर थांबतो. विशीत नऊ दान मिळवलेला माणूस सत्तरीत ओळीने डाव हरत असला तरी नऊ दानच राहतो.

सुमोत याच्या अगदी उलट. तिथे दर दोन महिन्यांनी पंधरा दिवसांची स्पर्धा होते आणि प्रत्येक स्पर्धेनंतर क्रमवारी नव्याने लिहितात. हरलात की खाली, आणि फार खाली गेलात तर पगारही बंद. फक्त योकोझुनाला, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मल्लाला, खाली ढकलत नाहीत, पण ढेपाळला तर त्याने स्वतःहून निवृत्त व्हावं ही अपेक्षा असते. बुद्धिबळाचं रेटिंग तर दर महिन्याला बदलतं.

पूर्वी दान वाढवण्यासाठी ओतेआई नावाच्या खास डावांची मालिका असे. ती २००३ मध्ये बंद झाली. आता अधिकृत डावांतले विजय, वर्षाची कमाई आणि पराक्रम बघतात. एकवरून दोन दानला ३० विजय लागतात, आठवरून नऊला २००. किसेई किंवा मेइजिन हे सर्वात मोठे किताब जिंकला तर थेट नऊ. म्हणून आज कोण किती पाण्यात आहे हे दानवरून कळत नाही, त्यासाठी तो कोणत्या लीगमध्ये, म्हणजे किताबाचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कोणत्या साखळीत, आहे हे विचारावं लागतं.

हौशी दान ही पूर्णपणे वेगळी शिडी आहे. हौशी पाच दानवाला आणि व्यावसायिक एक दानवाला यांची गाठ पडली तर पहिल्याला दोन-तीन खड्यांची सूट घ्यावी लागते. हौशी दानचं सुंदर, हस्ताक्षरातलं प्रमाणपत्र मिळतं, पण पैसे मोजून. पहिल्या दानलाच तीस हजार येनांच्या आसपास आणि पुढे चढत्या भाजणीने. संस्थेच्या उत्पन्नाचा हा जुना, थोडा विनोदी, पण पूर्ण कायदेशीर मार्ग आहे.

एकाच देशात दोन संस्था का?

निहोन किइन तोक्योत आहे, तिच्या शाखा ओसाका आणि नागोयात. कान्साई किइन ओसाकात, स्वतंत्र. पहिलीत साडेतीनशेच्या आसपास किशी, दुसरीत सव्वाशेच्या आसपास. स्पर्धा सामाईक असतात, सदस्यत्व वेगळं.

फूट १९५० ची. पश्चिमेकडच्या खेळाडूंना महत्त्वाच्या डावांसाठी सारखं तोक्योला जावं लागे, त्याची खदखद होतीच. त्यात होनिन्बोची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आणायचा निर्णय झाला, आणि तेव्हाचा होनिन्बो हाशिमोतो उतारो हा ओसाकाचाच. त्याने कान्साई किइन वेगळी काढली. पुढच्याच वर्षी तोक्योने साकाता एइओला आव्हानवीर म्हणून पाठवलं. साकाता ३-१ ने पुढे होता. हाशिमोतोने उरलेले तिन्ही डाव जिंकून किताब ओसाकातच ठेवला. नवी संस्था कदाचित त्या तीन डावांमुळेच तगली, असं माझं मत.

हाच हाशिमोतो ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी हिरोशिमाच्या वेशीवरच्या इत्सुकाइचीत होनिन्बो सामन्याच्या दुसऱ्या डावाला बसला होता. समोर इवामोतो काओरू, पंच सेगोए केन्साकु. आदल्या दिवसापर्यंतच्या चाली पटावर पुन्हा मांडून झाल्या होत्या. सव्वाआठला उजेड पडला, मग धक्का आला, काचा फुटल्या, खडे विखुरले. त्यांनी खोली झाडली, पट पुन्हा मांडला आणि त्याच दिवशी डाव पुरा केला. हाशिमोतो पाच गुणांनी जिंकला. शहरात काय झालंय हे त्यांना डाव संपल्यावर, जखमी माणसं येऊ लागल्यावर उमगलं.

किशी व्हायचं कसं?

लहानपणी. हे एका शब्दातलं उत्तर.

बहुतेक जण दहा-बारा वर्षांच्या वयात इन्सेई होतात, म्हणजे संस्थेचे उमेदवार विद्यार्थी. शनिवार-रविवारी आपसात डाव, त्यावरून वर्गवारी, दर महिन्याला वर-खाली. वरच्या वर्गातली मुलं परीक्षेला बसतात. परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका नाही, महिनोन्‌महिने चालणारी साखळी स्पर्धा. त्यातून वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जण आत येतात. विशी ओलांडली की थोड्याच काळात दार बंद होतं.

पूर्वी गुरूच्या घरी राहून शिकत. हिरात्सुकात कितानी मिनोरूचं घर म्हणजे तालीमच होती. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे उठून जोर-बैठका काढतात, इथे पहाटे उठून खडे मांडत. त्या घरातून पन्नासहून जास्त किशी निघाले. कोरियातून सहा वर्षांचा असताना आलेला चो चिकुनही त्यांतलाच. त्याची एक हकिगत सांगतोच. जानेवारी १९८६ मध्ये किसेई सामन्याच्या तोंडावर त्याला मोटारीने उडवलं. दोन्ही पाय आणि एक हात जायबंदी. तो चाकाच्या खुर्चीत बसून कोबायाशी कोइचीशी खेळला. किताब गेला, पण दोन डाव त्याने जिंकले.

२०१९ पासून निहोन किइनने चुणचुणीत मुलांसाठी परीक्षेविना थेट प्रवेशाची योजना आणली. नाकामुरा सुमिरे त्यातून दहा वर्षं पूर्ण होता होता किशी झाली. कान्साई किइनने २०२२ मध्ये फुजिता रेओला ९ वर्षं ४ महिन्यांचा असताना घेतलं. योजनेवर टीका झाली आणि ती मला पटते. चीन-कोरियाशी टक्कर द्यायची म्हणून दहाव्या वर्षी पोराला कॅमेऱ्यांसमोर बसवायचं, हा घाईचा उपाय वाटतो. सुमिरे २०२४ मध्ये कोरियाला खेळायला गेली, कारण तिला तिथे जास्त कडवे प्रतिस्पर्धी हवे होते.

शोगीचंही असंच असतं ना?

बाहेरून सारखं दिसतं. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. त्यांचीही संस्था १९२४ चीच, तिथेही दान आणि वृत्तपत्रांचे किताब. आत शिरलं की शोगी कितीतरी निर्दय आहे.

शोगीत चार दान झाल्यावरच माणूस व्यावसायिक. त्याआधी शोरेइकाई नावाची उमेदवारांची फळी आणि तिच्या टोकाला तीन दानवाल्यांची लीग. वर्षातून दोनदा ती होते आणि दर वेळी पहिले दोघंच वर जातात. म्हणजे वर्षाला साधारण चार. सव्विसावा वाढदिवस आला आणि चार दान झालेलं नसेल तर, थोड्याफार सवलती सोडल्या, बाहेरचा रस्ता. लहानपणापासून दुसरं काही केलेलं नसतं. आपल्याकडे एमपीएससीच्या वयोमर्यादेशी झुंजणाऱ्यांना हे फोड करून सांगायला नको. सेगावा शोजी असाच बाहेर पडला, नोकरीला लागला, हौशी म्हणून खेळत राहिला आणि व्यावसायिकांना हरवू लागला. २००५ मध्ये त्याच्यासाठी खास परीक्षा घ्यावी लागली, त्यात पास होऊन तो पस्तिशीत किशी झाला. त्यानंतर तो रस्ता नियमात आला.

आत गेल्यावरही शोगीत वर्गवारी सुटत नाही. पाच वर्गांची लीग, हरत गेलात की खालचा वर्ग, तळाच्या वर्गातूनही बाहेर पडलात आणि ठरलेल्या मुदतीत परतता आलं नाही की सक्तीची निवृत्ती. चौदाव्या वर्षी व्यावसायिक झालेला कातो हिफुमी २०१७ मध्ये ७७ व्या वर्षी निवृत्त झाला तो स्वतःच्या मर्जीने नाही, नियमाने. गोमध्ये असा नियम नाही. सुगिउची मासाओ त्याच वर्षी ९७ व्या वर्षी वारले, तेव्हा ते अधिकृतरीत्या कार्यरत खेळाडू होते. त्यांच्या पत्नी काझुको नव्वदी ओलांडूनही स्पर्धेतले डाव खेळत होत्या.

याचा परिणाम हिशेबाच्या वहीत दिसतो. शोगीचे कार्यरत व्यावसायिक पावणेदोनशेच्या आसपास, गोचे दोन्ही संस्था मिळून त्याच्या अडीचपट. आणि लोकप्रियता उलटी. फुजिई सोताने ऑक्टोबर २०२३ मध्ये शोगीचे आठही किताब एकाच वेळी हातात धरले आणि त्या वर्षी त्याची कमाई १८ कोटी येनांवर गेली. भाकरी लहान आणि खाणारी तोंडं जास्त, अशी गो या खेळाची अवस्था.

पैसा येतो कुठून?

वर्तमानपत्रांतून. हे कळलं की बाकीचं सगळं उलगडतं.

टेनिस-गोल्फमध्ये तिकिटं, प्रक्षेपण आणि प्रायोजक असतात. गोचा डाव बघायला स्टेडियम लागत नाही, तो छापता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी वृत्तपत्रांना कळलं की मोठ्या खेळाडूंचा डाव रोज थोडा थोडा, मालिकेसारखा छापला तर वाचक बांधला जातो. रोज दहा-पंधरा चाली, एक आकृती, सोबत खेळाडू काय म्हणाला, किती वेळ विचार केला, बाहेर पाऊस होता का. एक डाव दोन आठवडे पुरतो. त्या वृत्तांतांचे लेखक वेगळे आणि त्यांचे चाहतेही वेगळे.

त्यामुळे प्रत्येक किताबाला एक धनी आहे. किसेई योमिउरीचा, मेइजिन असाहीचा, होनिन्बो मैनिचीचा, ओझा निक्केईचा, ज्युदान सान्केईचा. तेन्गेन आणि गोसेई प्रादेशिक वृत्तपत्रांनी मिळून चालवलेले. वृत्तपत्र संस्थेला वर्षाची ठोक रक्कम देतं. त्यातून विजेत्याचं बक्षीस निघतं आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याचं मानधनही. हक्क डाव छापण्याचा, आणि त्या हक्कावर चारशे-साडेचारशे माणसांचा प्रपंच.

भांडणंही त्यातूनच. मेइजिन स्पर्धा १९६१ पासून योमिउरीची होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात असाहीने मोठी रक्कम पुढे केली आणि निहोन किइनने स्पर्धा तिकडे नेली. योमिउरी भडकलं, प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं. तडजोड अशी झाली की योमिउरीने किसेई नावाचा नवा किताब काढावा आणि त्याचं बक्षीस सर्वात मोठं असावं. म्हणून आज किसेईचं बक्षीस ४ कोटी ३० लाख येन, मेइजिनचं ३ कोटी. ऐतिहासिकदृष्ट्या सर्वात जुना होनिन्बो २०२३ पर्यंत तिसऱ्या क्रमांकावर होता. क्रम परंपरेने ठरलेला नाही, वाटाघाटीने ठरलेला आहे.

मग होनिन्बोचं बक्षीस एकदम घसरलं ते का?

२०२४ पासून ते २ कोटी ८० लाखांवरून ८५ लाख येनांवर आलं. सात डावांचा सामना पाचांवर, दोन दिवसांचा डाव एका दिवसावर, आणि आव्हानवीर ठरवणारी लीग जाऊन बाद फेरी आली. जपानी वृत्तपत्रांचा खप १९९७ मध्ये रोज ५ कोटी ३७ लाख प्रती होता, २०२४ पर्यंत तो निम्म्यावर आला. यापलीकडे कारण शोधायची गरज नाही.

मला बक्षिसापेक्षा लीग गेल्याचं जास्त लागलं. होनिन्बो लीगमध्ये असणं हीच खेळाडूची ओळख होती. इयामा युता २०१२ ते २०२२ ओळीने अकरा वर्षं होनिन्बो राहिला, २०२३ मध्ये इचिरिकी र्‍योने त्याला ४-३ ने हरवलं, आणि लगेच पुढच्या वर्षी किताबाचं हे असं झालं.

गतविजेता थेट अंतिम फेरीत बसतो, हा अन्याय नाही का?

घराण्याच्या गादीवरून आलेली पद्धत आहे. गादीवरचा माणूस बसून राहतो, बाकीचे आपसात लढून एक आव्हानवीर ठरवतात. मेइजिनमध्ये नऊ जणांची लीग, त्यातला पहिला आव्हान देतो, तळाचे तिघे बाहेर फेकले जातात. विम्बल्डनलाही १९२१ पर्यंत असंच होतं. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदात अजूनही आहे, गुकेश २०२४ मध्ये डिंग लिरेनसमोर बसला तो आव्हानवीर म्हणूनच.

म्हणूनच सातही किताब एकाच वेळी असणं किती अवघड ते लक्षात येतं. इयामाने एप्रिल २०१६ मध्ये ते केलं, एक गमावला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा केलं. २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सन्मान पुरस्कार मिळाला, सोबत शोगीचा हाबु योशिहारु.

एक डाव दोन दिवस? मग रात्री घरी जाऊन विचार करता येत नाही?

येतो. म्हणून लिफाफा.

किसेई आणि मेइजिनच्या डावात प्रत्येक खेळाडूला आठ तास मिळतात. ते गावोगावच्या जुन्या सरायांत, बहुतेकदा गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी भरवतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पंच वेळ झाल्याचं सांगतो. ज्याची चाल असेल तो ती पटावर ठेवत नाही. डावाचा कागद घेऊन बाजूच्या खोलीत जातो, लाल पेनाने बिंदू टिपतो, घडी घालून लिफाफ्यात ठेवतो, पंचाच्या हाती देतो. रात्रभर एकाला आपली चाल माहीत असते आणि दुसऱ्याला नसते. सकाळी दोघं पटाशी बसतात, कालच्या चाली एकेक करून पुन्हा मांडतात. मग पंच कात्रीने लिफाफा कापतो, चाल वाचतो आणि खडा पडतो. प्रक्षेपणात हे एक मिनिट बघण्यासारखं असतं. दोघंही त्या कागदाकडे बघत नाहीत, पटाकडे बघतात.

हा नियम अनुभवातून आला. जुन्या काळी वरिष्ठ खेळाडू आपली पाळी असताना हवा तेव्हा डाव तहकूब करी आणि घरी जाऊन शिष्यांबरोबर विचार करी. १९३३ मध्ये शुसाई विरुद्ध चीनहून आलेला तरुण गो सेइगेन हा डाव असा तेरा वेळा थांबला, साडेतीन महिने चालला. शुसाई दोन गुणांनी जिंकला, पण कुजबुज थांबली नाही. १९३८ मध्ये शुसाईचा निरोपाचा डाव कितानीशी झाला, प्रत्येकी चाळीस तासांचा. त्यात बंद लिफाफ्याची अट घातली. शुसाई पाच गुणांनी हरला.

स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था आहे का?

गोमध्ये किशी ही एकच सनद आहे. स्त्रियांना प्रवेशाचा एक राखीव कोटा मिळतो आणि त्यांच्या वेगळ्या स्पर्धाही आहेत, पण खुल्या स्पर्धांत त्या सरसकट खेळतात. फुजिसावा रिनाने २०२० मध्ये तरुणांची खुली वाकागोई स्पर्धा जिंकली. उएनो आसामी २०२१ मध्ये एनएचके चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचली. शोगीत मात्र स्त्री-व्यावसायिक हा वेगळाच वर्ग आहे. खऱ्या चार दानसाठी निशियामा तोमोकाने पाच डावांची प्रवेशपरीक्षा दिली, २-२ अशी बरोबरी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये पाचवा डाव हरली.

मग आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चीन आणि कोरिया पुढे का गेले?

कोरियाच्या व्यावसायिक गोचा पाया घातला चो नामचोलने, आणि तो कितानीच्या तालमीत शिकलेला. पण तिथे पुढे कंपन्यांचे संघ आणि सांघिक लीग आली. चीनमध्ये शहरांचे संघ, राष्ट्रीय संघाचा एकत्र सराव आणि सरकारी क्रीडाखात्याचं पाठबळ. दोन्हीकडे डाव दोन-तीन तासांचे आणि निवड ताज्या कामगिरीवर. जपानचा खेळाडू घरी आठ तासांच्या डावावर पोसला जातो आणि परदेशात घड्याळाशी झुंजतो. घरच्या किताबांत पैसा भरपूर होता, म्हणून बाहेर जिंकण्याची निकडही नव्हती. हे दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं.

किताब नसलेला सामान्य किशी पोट कसं भरतो?

मानधनावर भागत नाही. शिकवणी, हौशी लोकांबरोबर सशुल्क मार्गदर्शनाचे डाव, गो क्लबांत ठरलेले वार, पुस्तकं, व्याख्यानं, प्रक्षेपणावरची टिप्पणी. आपल्याकडचे बहुतेक शास्त्रीय गायकही मैफलीवर नाही, शिकवण्यांवरच जगतात.

भारतातून गेलेला मुलगा किशी होऊ शकतो?

नागरिकत्वाची आडकाठी नाही, वयाची आहे. अमेरिकेचा मायकेल रेडमंड किशोरवयात इन्सेई झाला, १९८१ मध्ये किशी आणि पुढे नऊ दान. फिनलंडचा आंती तोरमानेन अलीकडचा. जपानी आलीच पाहिजे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही, पण त्यांतले बहुतेक विशीत शिकायला लागतात, आणि इथे तोवर वेळ निघून गेलेली असते.

एक अव्वल खेळाडू वृत्तपत्रात नोकरी करतो म्हणतात, खरं का?

खरं. इचिरिकी र्‍यो. सेंदाईचं काहोकु शिम्पो हे १८९७ मध्ये निघालेलं दैनिक त्याच्या घराण्याचं. वासेदा विद्यापीठातून पदवी घेऊन २०२० मध्ये तो तिथे वार्ताहर म्हणून लागला आणि डाव चालूच ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने चार वर्षांतून एकदा होणारा इंग चषक चीनच्या शिए कंला ३-० ने हरवून जिंकला. जपानला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९ वर्षांनी मिळाली.

आपल्याला ही जोडी नवी नाही. १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झालेली जयश्री खाडिलकर ही 'नवाकाळ'च्या घरातली, आणि पुढे त्याच पेपरची संपादक झाली. पण जयश्रीताईंना पटावर कमावलेलं काही पेपरमधून मिळत नव्हतं. इचिरिकीचं तसं नाही. तो ज्या किताबांसाठी खेळतो ते वर्तमानपत्रांच्या पैशावर उभे आहेत, आणि उद्या बापाची खुर्ची त्याच्याकडे आली तर गोचा रकाना ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न त्याच्याच टेबलावर येईल.